पंक्चर एक, पैसे सातचे

पंक्चरचे २,८०० आणि नव्या टायरचे ५,६००. एकूण ८,४०० रुपये. चौदा वर्षं गाडी चालवतोय, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते.

आई आणि मुलीला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. सातारा सोडल्यावर एका पंपावर हवा बघायला थांबलो. हवा भरणारा पोरगा म्हणाला, "दादा, मागच्या चाकात खिळा आहे." खिळा खराच होता. मग त्याने साबणाचं पाणी ओतलं आणि टायरवरून हात फिरवत गेला. हात जाईल तिथे बुडबुडे! सात पंक्चर, त्यातले दोन टायरच्या बाजूच्या भिंतीत. मुठीत टोच्या लपवून भोकं पाडतात हे तुम्ही ऐकलंय, मीही ऐकलं होतं. पण आई उन्हात उभी, मुलगी रडतेय, अशा वेळी माणूस कुठे कुठे बघणार? तरी सांगतो, त्याच्या हातावरची नजर हटवू नका.

एक गोष्ट मात्र मला दिसायलाच हवी होती. सकाळी ३३ भरलेली हवा त्याच्याच मीटरवर ३१ होती. सात भोकं पडलेला टायर शंभर किलोमीटर पळून ३१ दाखवेल? आणि 'मशरूम पॅच'चे प्रत्येकी ४०० घेतले. मशरूम आतून बसतो, टायर रिमवरून उतरवावाच लागतो. याने चाक नुसतं जॅकवर फिरवलं. मी समोर उभा होतो. पैसेही मीच दिले.

कोल्हापुरात दुकानदाराने टायर उतरवून दाखवला. सहा भोकं ताजी, सगळीकडे मशरूमऐवजी बाहेरून खुपसलेल्या साध्या रबरी पट्ट्या. टायरच्या बाजूचं पंक्चर काढतच नाहीत, तिथलं रबर चालताना सतत दबतं, पट्टी टिकत नाही. त्या टायरवर दोघींना बसवून मी नव्वदच्या वेगाने आलो होतो!

परतताना पंपावर तक्रारवही मागितली. "साहेबांकडे आहे, साहेब बाहेर गेलेत." आणि तो पोरगा म्हणे त्यांचा माणूसच नाही. चौकीत गेलो तर हद्द दुसरी. दुसऱ्या चौकीत दीड तास बसवून विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना? पावती आहे?" पावती नव्हती. क्यूआरवर नाव भलत्याचंच. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तीन फोन केले, प्रत्येक वेळी "साहेब बंदोबस्तात." माणूस मेल्यावर लिहून घेणार का?

स्टेपनीत हवा ठेवा, चाक स्वतः बदला. महामार्गावर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३.

टायर मी जपून ठेवलाय. सातारा-कराड पट्ट्यात आणखी कुणी फसलं असेल तर कळवा, एकत्र लेखी तक्रार देऊ.