लर्चर: कोलीच्या रक्ताचा की बेडलिंग्टनच्या?

लर्चर म्हणजे ग्रेहाउंड, व्हिपेटसारख्या धावऱ्या कुत्र्याचा टेरियरशी (बिळातली शिकार हुडकणारा छोटा कुत्रा) किंवा कोलीसारख्या मेंढपाळी कुत्र्याशी केलेला संकर. कोली-ग्रेहाउंड काटक, शिकवलेलं पटकन उचलतो. पण हीच हुशारी घरात नडते: काम नसलं की पळणाऱ्या पोरांनाच मेंढरांसारखं वळायला लागतो. बेडलिंग्टन ही टेरियरचीच एक जात; बेडलिंग्टन-व्हिपेट चणीने लहान, फिरून आला की सोफ्यावर आडवा. हट्टी मात्र भारी. शेजारचं मांजर दिसलं की हाक ऐकूच येत नाही! शिकारीचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये २००४च्या कायद्याने रानसशामागे (हेअर) कुत्रा सोडायला बंदी आहे. बिळात राहणाऱ्या सशांसाठी (रॅबिट) जमीनमालकाची परवानगी लागते. तेवढ्या कामाला छोटा गडी पुरतो. घरात मुलं असतील तर मी तोच घेईन, तोही पिल्लू नव्हे, दोन-तीन वर्षांचा, मांजरासमोर पारखून.