वेरूळचं छापचित्र घेताना: डॅनियलची ॲक्वाटिंट की एलियटचं स्टील एन्ग्रेव्हिंग?

वेरूळचं जुनं छापचित्र घ्यायचं तर बाजारात प्रामुख्याने दोन गोष्टी समोर येतात. टॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांच्या ‘ओरिएंटल सीनरी’तली (१७९५–१८०८, एकूण १४४ चित्रं) हाताने रंगवलेली मोठी ॲक्वाटिंट, नाहीतर १८३०च्या दशकात रॉबर्ट एलियट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या रेखाटनांवरून निघालेल्या ‘व्ह्यूज इन द ईस्ट’मधलं छोटं स्टील एन्ग्रेव्हिंग, म्हणजे पोलादी पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. डॅनियलच्या वेरूळ भागातली २४ चित्रं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवणारा तो हाच वेल्स.

खरा फरक पाटीचा, म्हणजे ज्या धातूच्या पत्र्यावरून चित्र छापतात त्याचा. ॲक्वाटिंटसाठी तांब्याच्या पाटीवर राळेची पूड पसरून ती तापवून चिकटवतात. आम्ल कणांच्या मधली जागा खातं. दहापट भिंगाखाली पांढुरके बारीक ठिपके आणि त्यांच्याभोवती वेडीवाकडी गडद जाळी दिसते. तांबं मऊ असतं. दाबयंत्राखाली ही जाळी लवकर झिजते आणि सगळ्यात आधी आकाश नि दूरचे डोंगर फिके पडतात. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींच्या किमतीत मोठी तफावत असू शकते. पोलादी पाटी हजारो प्रती देते, त्यामुळे तिथे आधीची प्रत की नंतरची हा प्रश्न गौण. तिची ओळख म्हणजे केसासारख्या रेषा आणि आकाशातल्या आखल्यासारख्या समांतर ओळी.

भिंगाखाली नियमित रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावर छापलेली नक्कल आहे, कागद कितीही पिवळा असो. पाटीच्या कडेचा खोलगट ठसा नकलेतही उठवता येतो. त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. कागद उजेडात धरा. ‘जे. व्हॉटमन’ या इंग्रज कागद-कारखान्याच्या जलचिन्हाखालचं साल चित्राखाली छापलेल्या तारखेनंतरचं असेल, तर छपाई नंतरची आहे. त्या प्रतीला पहिल्या छपाईचा भाव देऊ नका.

रंगाचा हिशोब दोन्हीकडे उलटा आहे. डॅनियलमध्ये जुना जलरंग हवाच. तो उन्हाने उडाला असेल तर निम्मं चित्र गेलं. एलियटची चित्रं मुळात काळ्या शाईची. त्यावरचा टवटवीत रंग बहुधा विक्रीसाठी अलीकडे चढवलेला असतो, त्याचे जादा पैसे कशाला?

समास चित्रापर्यंत कापलेले, शीर्षक गेलेलं, आम्लयुक्त पुठ्ठ्याने भोवती तपकिरी पट्टा पडलेला असा डॅनियल नावासाठी घेऊ नये. त्यापेक्षा पूर्ण समासाचं स्वच्छ एलियट बरं, आणि ते कितीतरी स्वस्तही पडतं. मात्र कैलास लेण्याची भव्यता हवी असेल तर चांगल्या डॅनियलची वाट पाहण्याला पर्याय नाही. छोट्या पानावर तो आवाका मावत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत फ्रेमचा खर्च आधीच धरा: सुती कागदाचं माउंट, चित्र माउंटला धरणाऱ्या जपानी कागदाच्या पट्ट्या (बिजागऱ्या) गव्हाच्या खळीने चिकटवलेल्या, आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी फट. काच टेकली की पावसाळ्यात बुरशी ठरलेली. सेलोटेप तर अजिबात नको. त्याचा डाग सहसा पूर्ण निघत नाही.

परदेशी राहणाऱ्यांनी शक्यतो तिथल्याच विक्रेत्याकडून घ्यावं. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकृती पुरावस्तूंत मोडते आणि खाजगी व्यक्तीला ती भारताबाहेर नेता येत नाही.