बिघाड दिसेपर्यंत एकही सुटा भाग न बदलणारे गॅरेज

नाशिकच्या पंचवटीतून पेठ रस्त्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे जाताना दुचाकी दुरुस्तीची जी लहान गॅरेजे लागतात, त्यांपैकी एका गॅरेजच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. फलकावर नाव नाही, ‘दुचाकी दुरुस्ती’ एवढेच शब्द आहेत. आत एक मिस्त्री आणि एक मदतनीस काम करतात. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांचे नोंदणी नूतनीकरण याच रस्त्यावरच्या कार्यालयात होत असल्याने जुन्या मोटारसायकली या भागात सतत येत असतात. त्यांतही जिचा रोग ‘कधी चालू होते, कधी होत नाही’ असा असतो, अशा गाडीसाठी नाशिकमध्ये मला या गॅरेजइतके भरवशाचे ठिकाण दुसरे आढळले नाही.

माझी गाडी दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरची आणि सेल्फ व किक दोन्ही असलेली आहे. तिची नोंदणी 2006 सालची आहे. सकाळी सिडकोतून निघताना ती एका झटक्यात चालू होई. मात्र सातपूर औद्योगिक वसाहतीपर्यंत जाऊन दहा मिनिटे थांबले की कधी सेल्फचे बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येई, तर कधी इंजिन व्यवस्थित फिरूनही गाडी धरत नसे. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की तीच गाडी जणू काही झालेच नाही अशी चालू होई. आधी जिथे जिथे दाखवली, तिथे पोहोचेपर्यंत ती निवलेली असे आणि दोष दिसतच नसे. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी अंदाजाने काही ना काही बदलले गेले. प्लग नवा आला, बॅटरी नवी आली, कार्ब्युरेटर खोलून साफ झाला आणि तक्रार होती तिथेच राहिली.

या गॅरेजचे वेगळेपण पहिल्या पाच मिनिटांतच दिसते. मिस्त्री पान्हा उचलण्यापूर्वी प्रश्न विचारतात, आणि तेही नेमके. ‘‘भाऊ, चालू होत नाही म्हणजे सेल्फ फिरत नाही, की फिरून गाडी धरत नाही?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यानंतर, अडल्यावर किकने चालू होते का, धक्का मारून चालू होते का, आणि चोक ओढल्याने काही फरक पडतो का, हे ते क्रमाने विचारतात. या प्रश्नांचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. सेल्फ फिरत नाही पण किकने चालू होते, असे असेल तर दोष बॅटरी, रिले, क्लचचा स्विच, सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश किंवा अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाचा इंजिनशी असलेला जोड) यांपैकी कुठेतरी असतो आणि कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारणच उरत नाही. उलट इंजिन जोमात फिरते, पण किकने किंवा धक्क्यानेही गाडी धरत नाही, असे असेल तर शोध प्लगच्या करंटकडे, पेट्रोलकडे किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधल्या दाबाकडे) वळवावा लागतो. माझ्या बाबतीत दोन्ही लक्षणे आलटून पालटून दिसत होती. ते ऐकून मिस्त्री म्हणाले, ‘‘मग एक आजार नाही, दोन आहेत. एकेक करून पकडू.’’ त्यांचे हे विधान पुढे अक्षरशः खरे ठरले.

पहिला आजार गाडी थंड असतानाच सापडला. त्यांनी साधा डिजिटल मल्टिमीटर लावून बॅटरीचा व्होल्टेज पाहिला. गाडी काही तास उभी असताना बारा व्होल्टच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना तो आकडा दहाच्या फार खाली जाऊ नये. इंजिन वेगात चालू असताना तो साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान राहिला, तर चार्जिंग ठीक आहे असे समजतात. हे तिन्ही आकडे योग्य आले. बहुतेक ठिकाणी तपासणी इथे संपते आणि ‘बॅटरी चांगली आहे’ असे सांगून गाडी परत दिली जाते. इथे मात्र मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून मदतनिसाला बटण दाबायला सांगण्यात आले. वायर आणि तिचा जोड चांगला असेल तर या दोन ठिकाणांमधला फरक सेल्फ फिरत असताना जवळपास शून्य, फार तर 0.2 ते 0.3 व्होल्ट असावा. माझ्या गाडीत तो एका व्होल्टच्या वर गेला. याचा अर्थ बॅटरीची ताकद मोटरपर्यंत पूर्ण पोहोचण्याऐवजी वाटेतल्या एखाद्या खराब जोडात उष्णतेच्या रूपाने वाया जात होती.

तो जोड म्हणजे इंजिनला बोल्टने आवळलेली अर्थिंगची वायर होती. बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर होता, तर वायरच्या टोकाशी तांब्याच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. असा जोड कायमचा बंद नसतो आणि कायमचा चालूही नसतो. हादऱ्याने, तापण्याने, पावसाळ्यातल्या ओलाव्याने त्याचा स्पर्श कमी-जास्त होत राहतो, आणि म्हणूनच बिघाड लपंडाव खेळतो. मिस्त्रींनी वायरला नवे टोक बसवले, जोडाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली आणि तीच चाचणी पुन्हा केली. दुरुस्तीनंतर तेच माप पुन्हा घेऊन ग्राहकाला दाखवण्याची ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण काम झाले की नाही हे तोंडी आश्वासनावर सोडले जात नाही.

दुसरा आजार पकडायला वेळ लागला, आणि या गॅरेजची खरी परीक्षा तिथेच होती. गाडी थंड असताना सगळे ठीक दिसणारच, हे ओळखून मिस्त्रींनी ती ठेवून घेतली, स्वतः म्हसरूळच्या बाजूला फिरवून आणली आणि ती अडेपर्यंत हा क्रम चालू ठेवला. अखेर दुपारच्या उन्हात ती अडली, तेव्हा त्यांनी घाई न करता आधी प्लग काढला. प्लग ओला होता आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल आत पोहोचत होते, पण पेटत नव्हते. प्लग कोरडा निघाला असता तर त्यांनी टाकीचे झाकण उघडून पाहिले असते, कारण झाकणातले हवेचे छिद्र बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते, कार्ब्युरेटरकडे जाणारे पेट्रोल हळूहळू थांबते, आणि झाकण उघडताच हवा आत ओढली जाण्याचा आवाज येतो. अर्ध्या तासाने आपोआप बऱ्या होणाऱ्या गाड्यांमध्ये हेही एक नेहमीचे कारण आहे आणि त्याला एक पैसाही खर्च नाही.

प्लग इंजिनला टेकवून सेल्फ मारल्यावर ठिणगी दिसली नाही. (ही चाचणी करताना त्यांनी काढलेला प्लग सिलिंडरच्या छिद्रापासून लांब धरला आणि आसपास सांडलेले पेट्रोल आधी पुसून घेतले, हे मुद्दाम सांगतो, अनेक जण इथे निष्काळजीपणा करतात.) मग प्लगची टोपी, हाय टेन्शन वायर, इग्निशन कॉईल, इंजिन बंद करणारा किल स्विच, सीडीआयला (ठिणगी घडवून आणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) येणारा व्होल्टेज अशी तपासणी एका बाजूने सुरू झाली. त्यांच्याकडे खात्रीचा एक सीडीआय तपासणीसाठी ठेवलेला आहे. तो जोडूनही ठिणगी आली नाही, तेव्हा नवा सीडीआय ग्राहकाच्या माथी मारण्याचा प्रश्न मिटला. शेवटी मॅग्नेटकडून (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाकडून) येणाऱ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, सोडवून पिकअप कॉईलचा रोध मोजला गेला. सकाळी थंड गाडीत याच ठिकाणी दोनशे ओहमच्या आसपासचा आकडा आला होता आणि तो त्यांनी वहीत लिहून ठेवला होता. आता गरम इंजिनावर मीटरने सर्किट पूर्ण तुटल्याचे दाखवले. गाडी निवत गेली तसा आकडा परत आला, आणि त्याच क्षणी ठिणगीही परत आली.

पिकअप कॉईलचे काम थोडक्यात असे असते, की मॅग्नेट फिरताना ठिणगी नेमकी कधी टाकायची याचा इशारा ती सीडीआयला देते. तिच्यातली केसाइतकी बारीक तांब्याची तार जुनी होऊन एखाद्या ठिकाणी तडकली, तर इंजिन तापल्यावर प्रसरणाने ते तडे उघडतात आणि निवल्यावर पुन्हा टेकतात. म्हणून हा दोष थंड गाडीवर मोजून सापडत नाही, आणि नेमके थंड गाडीवरच मोजून ‘कॉईल चांगली आहे’ असे सांगण्याची चूक सर्रास होते. कॉईल बदलल्यानंतर त्यांनी गाडी पुन्हा तापवून, थांबवून, चालू करून दाखवली. इंजिन थंड झाल्यावर टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीही, तपासल्या, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट फार कमी झाली असेल तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन घटते आणि लक्षण जवळपास असेच दिसते.

खर्चाविषयी लिहिणे आवश्यक आहे. या गॅरेजमध्ये तपासणीचे वेगळे चारशे रुपये घेतले जातात आणि ते सुरुवातीलाच सांगितले जातात. हे ऐकून काही ग्राहक परत फिरताना मी पाहिले आहेत. ‘काही बदलले नाही तर पैसे कशाचे’ अशी आपल्याकडची समजूत आहे, आणि माझ्या मते हीच समजूत मिस्त्री लोकांना सुटे भाग बदलण्याकडे ढकलते, कारण भाग विकला तरच त्यांच्या हाती काही पडते. शोधण्याच्या कामाला, त्यासाठी गेलेल्या वेळेला आणि त्यामागच्या अनुभवाला मोल देणे हे ग्राहकाच्याच हिताचे आहे. आधी विनाकारण बदललेल्या बॅटरीची एकटीची किंमतसुद्धा या तपासणीच्या कितीतरी पट होती. बदललेली जुनी कॉईल आणि वायरचे तुटके टोक त्यांनी मला परत दिले, हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

उणिवाही आहेत. छापील पावती मिळत नाही, वहीतल्या पानाचा फोटो काढून घ्यावा लागतो. गाडी किती दिवस राहील हे आधी सांगितले जात नाही. दोष प्रकट होण्यावर सगळे अवलंबून असल्याने ते समजण्यासारखे असले, तरी रोज गाडीवरच अवलंबून असणाऱ्यांची त्यामुळे अडचण होते, आणि पर्यायी गाडीची सोय नाही. फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्या ते घेत नाहीत, कारण त्यांच्या संगणकीय तपासणीचे उपकरण त्यांच्याकडे नाही, आणि हे ते स्पष्टपणे सांगतात. बसायला जागा अपुरी आहे, पावसात तर गाड्यांच्या रांगेतच उभे राहावे लागते.

पावसाळ्यात अडणाऱ्या गाड्यांसाठी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला उपयोगी वाटली. त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीकडे भिजून आल्यावर गाडी फुरफुरत असेल, तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून हाय टेन्शन वायरवर आणि प्लगच्या टोपीवर स्प्रेच्या बाटलीने थोडे पाणी मारावे आणि हात न लावता पाहावे; वायरला चीर असेल तिथे निळसर ठिणग्या उडताना दिसतात. तसेच आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषते. त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी आणि रबरी नळ्या कडक झाल्या असतील तर बदलाव्यात, असे ते प्रत्येकाला सांगतात.

तिथे जायचे असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी, म्हणजे सकाळची थंड इंजिनावरची मापे घेता येतात. गाडी कुठे, किती चालल्यावर आणि कोणत्या आवाजासह अडली, याची नोंद कागदावर लिहून न्यावी. मिस्त्री ती खरोखर वाचतात आणि तपासणीची सुरुवात तिच्यावरूनच करतात. आधी कुठे कोणता भाग बदलला आहे, तेही त्यात लिहावे, आणि जुने भाग जपून ठेवले असतील तर सोबत न्यावेत, कारण माझी काढून टाकलेली बॅटरी त्यांनी चार्ज करून तपासली तेव्हा ती अजून वापरण्याजोगी निघाली.