सहा बाय आठ फुटांचं चित्र: कॅनव्हास, प्लाय की एसीपी (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकची शीट)?

दोन फुटांपर्यंतच्या चित्राला तयार कॅनव्हास घ्या, नाहीतर प्लायचा तुकडा, फारसं बिघडत नाही. चार फुटांच्या पुढे मात्र वजन, दमट हवा आणि घराचा जिना यांचा विचार रंगांच्या आधी करावा लागतो. मुंबई-कोकणात राहत असाल तर दमट हवेचा सगळ्यात आधी.

मोठ्या चित्रांसाठी कापड पुढे आलं त्यालाही दमट हवाच कारणीभूत होती. व्हेनिसमध्ये समुद्राच्या हवेत भित्तिचित्रं टिकेनात, आणि शिडांचं कापड तर गावात मुबलक होतं. व्हेनिसमध्येच रंगवलेलं, चित्रकार वेरोनेजेचं ‘काना येथील विवाह’ हे कापडावरचं चित्र सुमारे ६.७७ बाय ९.९४ मीटरचं आहे. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापून, गुंडाळून पॅरिसला नेलं. एवढं लाकूड त्यांना हलवता आलं नसतं.

तुमचंही काम एक दिवस घराबाहेर पडणार आहे. सहा बाय आठच्या सुती कॅनव्हासचं नुसतं कापड दीड-दोन किलो भरतं. लिफ्टमध्ये मावलं नाही तर चौकटीवरून उतरवून जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळता येतं. अर्थात हे अ‍ॅक्रिलिकचं झालं. वर्षानुवर्षं वाळलेलं जाड तैलरंगाचं काम गुंडाळलं तर तडकतं.

सुती की लिनन? लिननचा धागा लांब आणि चिवट, पण किंमत कितीतरी जास्त. अ‍ॅक्रिलिकसाठी ३४० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) सुती डक, म्हणजे घट्ट विणीचं जाड कापड, भरपूर झालं. लिननवर पैसे घालण्यापेक्षा ते चौकटीवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोठे कॅनव्हास बिघडतात ते बहुतेक चौकटीपायी.

सुताराला फक्त ‘फ्रेम’ म्हणून सांगितलंत तर तो चार पट्ट्या खिळ्यांनी घट्ट ठोकून देईल. तुम्हाला हवी ती कोपऱ्यात पाचरी बसणारी चौकट. कापडाला झोळ आला की पाचर हलकेच ठोकून ताण परत आणता येतो. ठोकलेल्या चौकटीत ही सोय नसते. लाकूड मुरलेलं हवं, ओलं पाईन पुढे पिळतं. पट्टीची आतली कड उतरती तासून घ्या. नाहीतर कापड तिला टेकतं आणि पुढून सरळ रेघ उमटते. आठ फुटांच्या लांबीला मधे निदान दोन आडव्या पट्ट्या लागतात. दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्याशिवाय कापड ताणू नका. ताणताना चारही बाजूंच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे जायचं.

रंगाखालच्या अस्तराला पारंपरिक सरस (जनावराच्या कातड्यापासूनचा डिंक) आपल्या हवेत नको. तो ओल धरतो, मऊ पडतो आणि त्याच्यावर बुरशीही पोसते. अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे पांढऱ्या प्रायमरचे, तीन पातळ हात पुरतात. तैलरंग वापरणार असाल तर जेसोआधी पीव्हीए साइझचा (कापडाची छिद्रं बुजवणाऱ्या पातळ गोंदाचा) हात द्या, कारण तेल थेट धाग्यापर्यंत पोचलं तर कापड कुजतं.

आता फळीचा पक्ष. सुरीने थरावर थर चढवणारे, खरवडणारे, कोलाज चिकटवणारे यांना दबणारा कॅनव्हास वैतागच आणतो. शिवाय तैलरंगाला कडक आधारावर तडे कमी जातात. पण प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी), एसीपी सगळं सहसा आठ बाय चारच्या शीटमध्ये येतं. सहा फूट रुंदीसाठी जोड द्यावा लागतो आणि तो जोड आज ना उद्या रंगातून दिसतोच. त्यापेक्षा सहा बाय चारचे दोन भाग करून शेजारी टांगा. चित्रकार तय्यब मेहतांचं ‘सेलिब्रेशन’ तीन भागांचंच आहे.

एमडीएफ गुळगुळीत असतं, पण १८ मिमीची एक शीट सुमारे ४० किलोची, आणि कडेला पाणी लागलं की फुगते. मोठ्या कामाला मी ते सुचवणार नाही. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन घ्या. मागे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा लावा. पुढून, मागून आणि कडांनाही सीलर द्या. एकाच बाजूला हात दिला की फळीला बाक येतो. वरच्या पापुद्र्याला रेषेच्या दिशेने बारीक भेगा जातात, म्हणून पृष्ठभागावर सुती कापड चिकटवलेलं बरं.

पाट्या बनवणाऱ्यांकडे मिळणारी एसीपी मला प्लायहून सरस वाटते. ती ओलाव्याने हलत नाही, तिला वाळवी लागत नाही, आणि ३ मिमीची पूर्ण शीट साधारण १३-१४ किलोची. घेताना पीव्हीडीएफ (एक निसरडं प्लास्टिक) लेप असलेली टाळा, त्याच्यावर जेसो धरत नाही. पॉलिस्टर लेपाची घ्या, पॉलिशपेपरने चमक पूर्ण घालवा, स्पिरिटने पुसा, मग जेसो. कोपरे मात्र आपटले की कायमचे चेपतात, त्यामुळे मागे चौकट इथेही लागतेच.

पातळ रंग, रोलर, मोठे ब्रश असतील तर पाचरीच्या चौकटीवरचा सुती कॅनव्हास. सुरी आणि जाड तैलरंग असतील तर एसीपीचे दोन भाग. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत, घरातच राहणाऱ्या चित्राला प्लायही चालेल. भिंत बाहेरून ओल धरणारी असेल तर यातलं काहीही थेट टेकवून टांगू नका. मागे बोटभर जाडीचे ठोकळे लावा, म्हणजे हवा खेळती राहील.