मराठी पवित्र शास्त्र : संकटाच्या दिवसांत वाचण्यासाठी कोणती प्रत घ्यावी?

बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न अशा प्रसंगी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत भेट देण्याची रीत आपल्या मंडळ्यांमध्ये जुनी आहे. अलीकडे मात्र मला अधिक वेळा विचारले जाते ते वेगळेच. कुणाच्या घरी मोठे आजारपण आले आहे, कुणाचा कर्ता माणूस गेला आहे, कुणी देवावर रुसून उपासनेला यायचे थांबले आहे; अशा माणसाच्या हाती कोणती प्रत द्यावी? हा प्रश्न समोर ठेवूनच मी हे परीक्षण लिहीत आहे. बाजारात सहज मिळणारी तीन रूपे मी विचारात घेतली आहेत : मंडळ्यांमध्ये वाचल्या जाणाऱ्या रूढ भाषांतराची संपूर्ण छापील प्रत, नवा करार आणि स्तोत्रे एवढेच असलेली छोटी प्रत, आणि फोनवरील मराठी बायबलचे ॲप. कव्हर, चेन, सोनेरी कडा यांच्यापेक्षा मला एकच गोष्ट पाहायची आहे, ती म्हणजे देवाची प्रीती ढळत नाही आणि ख्रिस्ताने दिलेले तारण पक्के आहे, यावर भरवसा टाकायला दुःखी वाचकाला या प्रतीची कितपत मदत होते.

माझा कौल आधीच सांगतो : संपूर्ण छापील प्रत घ्यावी आणि परवडत असेल तर मोठ्या अक्षरांचीच घ्यावी. दुःखी माणसाला सुटे वचन पुरत नाही, त्याला अख्खा अध्याय लागतो, हे त्यामागचे मुख्य कारण आहे.

तेरावे स्तोत्र उघडून पाहा. अवघ्या सहा वचनांचे हे स्तोत्र छापील पानावर एका स्तंभाचा लहानसा तुकडा व्यापते, आणि ते नजरेच्या एकाच टप्प्यात येते, ही छापील पानाची मोठी सोय आहे. वर ‘मुख्य गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र’ अशी ओळ आहे आणि लगेच प्रश्नांचा मारा सुरू होतो. परमेश्वरा, मला कोठवर विसरणार, आपले मुख माझ्यापासून कोठवर लपवणार, मी मनात दुःख घेऊन कोठवर बसू, वैरी माझ्यावर कोठवर वरचढ राहणार? दोन वचनांत हा प्रश्न चार वेळा येतो. पुढची दोन वचने विनवणीची आहेत : माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मला मृत्युनिद्रा लागेल. आणि शेवटच्या दोन वचनांत, मध्ये काहीही घडल्याची नोंद नसताना, दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे आणि तुझ्या तारणामुळे माझे हृदय आनंद करील. चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मध्ये वैरी पळाला, ताप उतरला, पैसे मिळाले असे काहीच सांगितलेले नाही. परिस्थिती तीच आहे आणि त्याच परिस्थितीत भरवसा उभा राहिला आहे. पाचवे वचन एकटे वाचणाऱ्याला ही गोष्ट कळण्याची शक्यताच नसते. त्याला वाटते, हा कुणा सुखी, भक्तिमान माणसाचा उद्गार आहे आणि आपण काही तसे नाही.

आमच्या मंडळीतील एका आजींच्या घरी, त्यांचा मुलगा गेल्यानंतर, प्रार्थनासभा होती. महिला मंडळातील एका तरुण बहिणीने त्यांना दिलासा द्यावा म्हणून विचारले, “आजी, तेराव्या स्तोत्रातलं पाचवं वचन वाचू का?” आजी म्हणाल्या, “अगं, वरपासून वाच. गाऱ्हाणं आधी आहे ना?” तिने सहाही वचने सावकाश वाचली. आजी प्रत्येक ‘कोठवर’ला मान हलवत होत्या आणि पाचव्या वचनाला त्यांनी स्वतःच ओठ हलवून साथ दिली. शास्त्र पाठ असलेल्या त्या पिढीला आपल्यापेक्षा हे नेमके ठाऊक होते की देवापाशी केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे, कारण ती त्याच्याशीच केलेली असते.

विलापगीताच्या बाबतीत तर अख्ख्या अध्यायाची गरज आणखी ठळकपणे जाणवते. परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते, हे तिसऱ्या अध्यायातील वचन आपल्या घरांच्या दारांवर, दिनदर्शिकांवर, लग्नपत्रिकांवर असते आणि बहुधा त्यामागे उगवत्या सूर्याचे चित्र असते. प्रत्यक्षात हे पुस्तक यरुशलेमच्या पाडावाचे आहे. इसवी सन पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या सैन्याने नगर आणि मंदिर जाळले, मुले उपाशी मेली, आणि त्या राखेत बसून हे शोकगीत रचले गेले. तिसरा अध्याय ६६ वचनांचा आहे. इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येक अक्षराने तीन-तीन वचने सुरू होतात, म्हणजे दुःखाला पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण बोलू दिले आहे. करुणेचे ते प्रसिद्ध वचन येण्याच्या थोडेच आधी, त्याच अध्यायात, कवी म्हणतो की देवाने माझे दात खड्यांवर घासून फोडले आणि मी सुख म्हणजे काय हेच विसरलो. ज्याचे दात फुटले आहेत तोच माणूस देवाच्या विश्वसनीयतेची साक्ष देतो, म्हणून ती साक्ष मला मोलाची वाटते. सूर्याच्या चित्राखाली छापलेल्या त्याच शब्दांना हे वजन येत नाही.

येथेच नवा करार व स्तोत्रे असलेल्या छोट्या प्रतीची मोठी उणीव दिसते. रुग्णालयात नेण्यासाठी, उशाशी ठेवण्यासाठी ती सोयीची आहे. हलकी आहे, स्वस्त आहे, आणि आजारी माणसाच्या मनगटाला जड प्रतीचा भार पेलत नाही हेही खरे आहे. पण तिच्यात विलापगीत नाही, ईयोब नाही, दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयीचा यशयाचा ५३वा अध्याय नाही, आणि मोशेला परमेश्वर स्वतःची ओळख ‘मंदक्रोध आणि दयेने भरलेला’ अशी करून देतो तो निर्गमाचा ३४वा अध्यायही नाही. ही ओळख आधी होते आणि मग शतकानुशतके इस्राएल लोक बंडाळी करत राहिले तरी देव आपल्या शब्दाला जागतो, हा लांबचा इतिहास वाचल्याशिवाय स्तोत्रांतला भरवसा कशाच्या आधारावर उभा आहे हे समजत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी छोटी प्रत जरूर न्यावी. घरासाठी मात्र तेवढीच घेऊ नये.

संपूर्ण प्रत घेताना तळाशी किंवा मधल्या पट्टीत संदर्भ दिलेली आवृत्ती मिळाली, तर तीच निवडावी, असा माझा आग्रह आहे. मार्काच्या १५व्या अध्यायात वधस्तंभावरून येशू मोठ्याने ओरडतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?’ संदर्भ पाहिला की वाचक २२व्या स्तोत्रावर पोहोचतो आणि हीच त्याची पहिली ओळ असल्याचे त्याला दिसते. लूकच्या २३व्या अध्यायातील शेवटचा उद्गार त्याला ३१व्या स्तोत्राकडे नेतो. म्हणजे ज्या स्तोत्रांत आपण आपले गाऱ्हाणे शोधत होतो, तीच स्तोत्रे प्रभूने मरताना स्वतःच्या तोंडी घेतली. माझ्या मते ख्रिस्ती तारणाचा गाभा दुःखी माणसाला समजावून सांगायला याहून चांगली वाट नाही : देवाने दुरून धीर दिला नाही, तो पुत्राच्या रूपाने त्या हाकेच्या आत उतरला, आणि तिसऱ्या दिवशी, त्याच्या पुनरुत्थानाने, त्या हाकेला उत्तर मिळाले. यानंतर इफिसकरांस पत्रातील ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे आणि हे तुमच्या हातून झाले नाही, तर हे देवाचे दान आहे’ हे वचन वाचले, तर ते शिकवणुकीचे कोरडे सूत्र वाटत नाही. ज्याला आपलाच विश्वास लटपटतो आहे अशी भीती वाटते, त्याला यातून कळते की तारण आपल्या विश्वासाच्या ताकदीवर टांगलेले नाही, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्या हातात ते सुरक्षित आहे. संदर्भांशिवायच्या प्रतीतही हे सर्व आहेच, फक्त वाचकाला हात धरून नेणारे कोणी तरी लागते.

टिपांच्या अभावाबद्दल अनेक नवे वाचक नाराजी व्यक्त करतात. त्यामागे इतिहास आहे. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने शास्त्र टीका-टिप्पणीविना छापण्याचे धोरण ठेवले, जेणेकरून निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्यांना एकच पुस्तक वापरता यावे. आपल्याकडील बायबल सोसायटीचे कामही त्याच परंपरेत वाढले. या धोरणामुळे शास्त्र सर्वांचे राहिले आणि कमी किमतीत घरोघरी पोहोचले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. तरीही एकट्याने, पहिल्यांदा, रडत वाचणाऱ्या माणसाचा विचार केला तर प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी अर्ध्या पानाची ओळख असलेली आवृत्ती अधिक उपकारक ठरते.

भाषेविषयी थोडेसे. रूढ भाषांतराची मराठी भारदस्त आहे. शास्त्रपाठ मोठ्याने वाचला जातो तेव्हा ती कानाला फार शोभते, आणि स्तोत्रांत तर तिचा डौल काही औरच आहे. पौलाच्या पत्रांतील लांबलचक वाक्यांत मात्र नवखा वाचक अडखळतो. हीच अडचण ओळखून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये इब्री आणि ग्रीक भाषा शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले, आणि १९२२ साली रमाबाईंचे निधन झाल्यानंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले. आज सोप्या मराठीतील भाषांतरे वेगळी मिळतात. ज्यांचे शिक्षण कमी आहे किंवा ज्यांची मुले परदेशात वाढली आहेत आणि देवनागरी सावकाश वाचतात, त्यांनी पत्रे वाचताना ती सोबत ठेवावीत. स्तोत्रांसाठी मी रूढ भाषांतरच सुचवीन.

फोनवरील ॲपचे गुण मी नाकारत नाही. ते विनामूल्य आहे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहता येतात, आणि ज्यांची दृष्टी गेली आहे त्यांच्यासाठी ध्वनिरूपातील वाचन हा तर आशीर्वादच आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा दिवा न लावता ऐकता येते, ही सोय रुग्णाची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना विचारा. माझा आक्षेप ‘आजचे वचन’ या सोयीला आहे. रोज सकाळी पडद्यावर एक सुटी, आनंदी ओळ येते, ती पुढे पाठवली जाते, आणि शोकात असलेल्या माणसाकडे एका दिवसात तीच ओळ अनेक ठिकाणांहून येऊन पोहोचते. त्याच्या गाऱ्हाण्याला त्यात जागाच उरत नाही. ॲप वापरायचे तर सकाळच्या त्या ओळीवर बोट ठेवून पूर्ण अध्याय उघडावा आणि मगच पुढे जावे.

छपाईविषयी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. एवढे मोठे पुस्तक एका बांधणीत बसवायचे म्हणून कागद अतिशय पातळ असतो. मागच्या पानाची अक्षरे पुढे उमटलेली दिसतात आणि बॉलपेनची खूण पलीकडे उतरते, म्हणून वचनांखाली रेघ ओढायची असेल तर मऊ पेन्सिल वापरावी. लहान आकाराच्या प्रतीत जोडाक्षरे आणि रफार इतके बारीक होतात की चाळिशी ओलांडलेल्या वाचकाचे डोळे थोड्याच वेळात दुखू लागतात. दुकानात प्रत घेताना मुखपृष्ठ पाहू नये, स्तोत्रसंहितेचे एखादे पान खिडकीच्या उजेडात धरून वाचून पाहावे. वसईकडील कॅथलिक कुटुंबांसाठी भेट घेत असाल, तर त्यांच्या परंपरेतील ७३ पुस्तकांची प्रत मागावी. आपली, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळ्यांची, ६६ पुस्तकांची असते.

शेवटी, प्रत देताना ती कुठून वाचायची हे आतल्या कोऱ्या पानावर लिहून द्यावे, कारण पहिल्या पानापासून सुरुवात करणारा दुःखी वाचक नियमांनी भरलेल्या लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतो आणि प्रत मिटतो. मी साधारणपणे असा क्रम लिहितो : स्तोत्र १३, स्तोत्र २२, विलापगीत ३, मग मार्काचे शुभवर्तमान सलग, आणि त्यानंतर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय. ज्याचे दुःख फार ताजे आहे त्याच्यासाठी मी आरंभी स्तोत्र ८८ही घालतो. ते अंधारातच संपते, शेवटपर्यंत त्यात दिलासा येत नाही. तरीही त्याची पहिलीच ओळ परमेश्वराला आपला तारणारा देव म्हणून हाक मारते, आणि ज्याच्या तोंडून त्या दिवसांत दुसरी कोणतीही प्रार्थना निघत नाही, त्याला ही एवढी हाक तरी उसनी घेता येते.