कव्हर अस्सल, कोअर नकली : जुना टर्बो घेण्याआधी एवढं वाचा

स्कोडाची ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय ही गाडी वापरणाऱ्या हौशी मंडळींच्या डोक्यात कधी ना कधी आयएस३८ चा किडा वळवळतोच. फोक्सवॅगन गोल्फ आर आणि ऑडी एस३ वर आलेला आयएचआय या जपानी कंपनीचा हा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग, १.८ च्या इंजिनावर फारशी कापाकापी न करता बसतो. कंपनीकडून येणारे १८० पीएस (अश्वशक्ती) मग कुठल्या कुठे मागे पडतात. (गिअरबॉक्स ते किती दिवस सोसतो, हे वेगळं दुखणं.) मागणी भरपूर आणि जुना माल मोजका, त्यामुळे ठगांचं चांगलं फावतं.

मला मिळालेला टर्बो दिल्लीच्या एका नेहमीच्या विक्रेत्याकडचा. 'अपघात झालेल्या गाडीवरून काढलेला, चालला अगदी कमी.' किंमत ८५ हजार, निम्मे आधी, निम्मे माल निघताना, तेही कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात यूपीआयने. बिल मागितलं तर 'जीएसटी वेगळा पडेल'. पार्ट नंबर तपासला, बरोबर निघाला. टर्बोवरची नंबरची प्लेट खरी, तिच्यावरची अक्षरं खरी. व्हिडिओत त्याने बोटाने टर्बोतलं पंख्यासारखं व्हील फिरवून दाखवलं, तेही कसं गरगर फिरलं!

बसवल्यावर आधी शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आवाज सगळेच टर्बो थोडाफार करतात, पण हा दाब वाढेल तसा चिरकत जायचा. मग सिग्नलला उभं राहिलं की मागून निळा धूर. इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप सोडला तर आत तेलाचं थारोळं. टर्बो दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने तो उघडला आणि पाहताक्षणी म्हणाला, "साहेब, वरून कीर्तन, आतून तमाशा."

म्हणजे काय, तर प्लेट असते कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या बाजूच्या कव्हरवर. ते कव्हर एखाद्या निकामी झालेल्या अस्सल टर्बोचं घ्यायचं आणि आत स्वस्तातला नकली कोअर, म्हणजे टर्बोचा मधला गाभा, भरायचा. नंबर जुळणारच, कारण नंबर खराच आहे! पण शाफ्ट, बेअरिंग, सील, दोन्ही व्हील हे सगळं त्या कोअरमध्ये. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. तिथे बॅलन्सिंग किंचित जरी चुकलं तरी आधी बेअरिंग खाल्लं जातं, मग व्हील कव्हरला घासतं. तुटलेला तुकडा इंजिनात गेला की टर्बोची किंमत किरकोळ वाटायला लागते. माझं इंजिन वाचलं.

बोटाने व्हील फिरवलेला व्हिडिओ बघून भुलू नका, ते नकली मालातही फिरतं. शाफ्ट पुढे-मागे ओढून दाखवायला सांगा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत आडवं थोडं हलणं चालतं, कारण ती जागा तेलाच्या थराची असते. पण पुढे-मागे बोटाला जाणवेल इतका खेळ असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. बॅलन्सिंग करताना व्हीलच्या नटावर किंवा पाठीमागे धातू किंचित घासून काढल्याच्या खुणा राहतात, त्यांचा जवळून फोटो मागा. मधल्या ओतीव भागाचा फोटोही घ्या, कारण प्लेटचा फोटो तर तो स्वतःहूनच पाठवतो. कव्हर जुनाट आणि मधला भाग कोरा करकरीत दिसला तर ओळखा.

पैसे परत मागितल्यावर त्याचं उत्तर तयारच होतं : "तुमच्या मेकॅनिकने तेल न भरता गाडी चालू केली." नवीन टर्बो आधी तेलाने भरून मगच इंजिन चालू करायचं असतं, हे खरं. आमच्या गॅरेजमध्ये ते केलेलं होतं, पण त्याचा व्हिडिओ नव्हता. तुम्ही पार्सल उघडण्यापासून तेल भरेपर्यंत सगळं चित्रित करा.

त्यानंतर आली धमकी : "करा तक्रार, मग आरटीओलाही सांगू गाडीत काय बसवलंय." चोराच्या उलट्या बोंबा, पण त्याला कायदा नेमका ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल अडचणीचे ठरतात आणि त्या भीतीने बरेच जण गप्प बसतात. या धंद्याचं खरं भांडवल ही भीतीच. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तिथे उशीर महागात पडतो.

त्याची जाहिरात नव्या नावाने पुन्हा फिरते आहे, फोटो तेच, किंमत थोडी उतरवलेली. प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात तिरका ओरखडा आणि मागे निळी ताडपत्री दिसली, तर माणूस तोच.