ग्लॉसी फोटो पेपर की मॅट कॉटन पेपर?

स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद फक्त खोलीतला उजेड परतवतो. म्हणून डिजिटल चित्र छापलं की रंग थोडे उतरतातच. किती, ते कागदावर ठरतं.

ग्लॉसीवर शाई गुळगुळीत थरात बसते आणि काळा रंग खोल येतो. चांगल्या इंकजेट प्रिंटमध्ये त्या काळ्याची डेन्सिटी (गडदपणाचं माप; जितकी जास्त, तितका काळा गडद) 2.3 च्या आसपास जाते, मॅटवर साधारण 1.7 पर्यंतच. हे मोजमाप लॉगरिदमिक आहे, दर 0.3 ने परतणारा उजेड निम्मा होतो; म्हणजे मॅटवरचा काळा जवळपास चौपट उजेड परतवतो. रात्रीचं दृश्य, गडद निळे-जांभळे रंग असतील तर मी निःसंकोच ग्लॉसी घेईन. त्रास एकच: काचेमागे, ट्यूबलाइटसमोर तो चमकतो. स्क्रीनवरचा झगझगीत निऑन हिरवा मात्र दोन्हींवर मिळत नाही.

मॅट कॉटनचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो. सावल्यांमधले बारकावे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे छापण्याआधी त्या थोड्या उजळाव्या लागतात. पण जलरंगासारखे ब्रश, फिकट त्वचा, मातकट छटा यावर फार सुंदर दिसतात. ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेल्या कॉटनचा पांढरा किंचित पिवळसर असतो, तो सगळ्या हलक्या रंगांत उतरतो. ब्राइटनरवाला कागद आज शुभ्र दिसतो, पण ती शुभ्रता वर्षांनुवर्षं टिकत नाही. विकायच्या प्रिंटसाठी मला हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा वाटतो.

कुठलाही घ्या, त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे येतील हे सांगणारी फाइल) लावून फोटोशॉप किंवा क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांची स्क्रीनवरची झलक, बघा आणि आधी छोटा तुकडा छापून घ्या.